डावा रेणू

टोलेडोत पाचलाच अंधारतं.
कोवाल्स्की आजोबा काउंटरवर वाकून विचारतात,
ही गोळी दुधासोबत चालेल का?
उत्तर मला ठाऊक आहे.
पण बिल्ल्यावर लिहिलंय टेक्निशियन,
म्हणून म्हणते, थांबा हं, फार्मासिस्टला बोलावते.
सहा वर्षं हेच वाक्य.

रात्री ऑरगॅनिक केमिस्ट्री.
मागच्या खेपेला सी मिळाला.
बी हवा, निदान बी.
सांगलीचं बी.कॉम. इथे कुणी मोजत नाही.

भिजवलेले हरभरे, टूथपिक.
मधे कार्बन, भोवती चौघे, चौघांचं चार तोंडांना.
दोन रेणू, आरशातले जुळे,
एकावर दुसरा कधीच बसत नाही.
एक औषध. दुसरा निव्वळ भार.
समजेना, तेव्हा लेकीचा डावा हातमोजा
उजव्या हातात घालून पाहिला.
अंगठा भलतीकडेच गेला
आणि मी एकटीच हसले, रात्री सव्वा वाजता.

सकाळी ओट्यावर एकच रेणू.
दुसरा यांच्या उसळीत गेला.
कुठला होता, मी ओरडले, डावा की उजवा?

आता डबा खातेय, औषधांच्या खोक्यांमागे उभ्याने.
चवीवरून काही कळत नाही.
तोंडात घास असतानाच हळूच म्हणून पाहते:
दूध नको, आजोबा.
दोन तास थांबा.