उणे एकशे शहाण्णव

मे महिना. केगावच्या माळावर त्रेचाळीस.
प्रयोगशाळेतला पंखा गरम हवाच इकडची तिकडे करतोय
आणि मी फळ्यावर लिहितोय: उणे दोनशे त्र्याहत्तर.
मागच्या बाकावरून सिद्धलिंग म्हणतो,
"सर, एवढं नको, नुसतं पंचवीस करा."

अभ्यासक्रम वरून आला, छापील, गुळगुळीत.
चार श्रेयांक, दोन सत्रं,
शेवटच्या पानावर 'उद्योगसज्ज विद्यार्थी'.
यंत्र काही आलं नाही.
कितीला पडेल, कुलसचिवांनी विचारलं.
मी आकडा सांगितला.
त्यांनी चष्मा काढून पुसला
आणि चहा मागवला.

मग मी जनावरांच्या दवाखान्यात गेलो.
तिथं वळूचं रेत द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात,
उणे एकशे शहाण्णवला.
डॉक्टर कळसगोंडे म्हणाले, "क्वांटम? ही कुठली जात? संकरित का?"
पण दर गुरुवारी तीन लिटर देतात.
कॅन स्कूटरवर पायांच्या मध्ये धरून आणतो मी.
सिग्नलला टोपणातून वाफ निघते,
शेजारचा रिक्षावाला आपली रिक्षा हळूच पुढे घेतो.

पहिल्याच तासाला सांगून टाकतो:
वर्गात मांजर आणायचं नाही.
पेटीतलं ते मेलं की जगलं, याचं गणित तुम्हाला येईल,
परीक्षेलाही येईल.
मी शिकवणार ते किरकोळ आहे.
केसाएवढ्या तारेला डाग देणं.
नट कुठवर आवळायचा, आणि कुठं हात थांबवायचा.
आणि वही. चूक झाली की खोडरबर नाही,
एक आडवी रेघ,
खालचं वाचता येईल अशी.

दुसऱ्या सत्रात निर्वात पंप अडून बसला.
काटा एका जागी, खाली उतरेना.
पोरं सूत्रं मांडत बसली, मीही त्यांच्यात.
नागमणी येमूलनं उठून पंखा बंद केला.
सगळे ओरडले.
तिनं नळीला कान लावला, एकेका जोडाशी थांबत गेली,
तिसऱ्याशी म्हणाली, "इथं."
रबरी कड्याखाली एक केस निघाला.
पांढरा. माझाच.

कुठं शिकलीस, विचारलं.
"घरामागं टॉवेलचे साचे होते सर.
नान्ना जॉबर.
धागा तुटला की जेवता जेवता उठायचे,
आम्हाला काहीच ऐकू आलेलं नसायचं."

बेंगळुरूची कंपनी, मुलाखत पडद्यावर.
मी दाराबाहेर, हातात तिची पाण्याची बाटली.
"क्वांटम संगणक कधी पाहिलाय?"
"नाही."
बराच वेळ कुणी बोललं नाही.
"मग केलंय काय दोन वर्षं?"
तिनं वही कॅमेऱ्यासमोर धरली
आणि आडव्या रेघा मारलेली पानं
एकेक करून उलटत गेली.

सिद्धलिंगला नाही घेतलं. त्याला गणित तिच्याहून चांगलं येतं,
हे मी कुणाला सांगू?
तो आता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो.
गुरुवारी कॅन धरायला येतो अजून, न बोलावता.

तिचं पत्र आलं तेव्हा तिचे वडील पेढे घेऊन आले.
कागदावर बोट ठेवून म्हणाले,
"हे काय लिहिलंय सर, इथं?"
रात्रपाळी.
ते शीतयंत्र बंद ठेवता येत नाही, मी म्हणालो,
कुणीतरी जागं लागतं.
"म्हणजे पाळीच की," ते म्हणाले.
"पाळीतून सुटावी म्हणून तर शिकवली."
पेढ्यांचा पुडा आमच्या दोघांमध्ये तसाच.

परवा रात्री तिचा फोन आला.
"बाहेरून नुसतं पिंप दिसतं सर,
आत काय चाललंय ते दिसतच नाही."
आवाज कसा येतो, मी विचारलं.
तिनं फोन यंत्राजवळ धरला.
चक्-फूस. चक्-फूस.
मी पंखा बंद करून ऐकत राहिलो, घामानं डबडबून.

"नान्नांनाही ऐकवलं," ती म्हणाली.
"काय म्हणाले?"
"आधी काहीच नाही.
मग म्हणाले, लय बरोबर आहे,
हात लावू नको."