टेडी म्हणून केलेल्या कुर्ल्या

नखांत डिझेल आहे. तीनदा साबण लावला,
लिंबाची साल घासली, शेवटी राखही.
तरी हाताला वास इंजिनाचाच.
प्रणिता रात्रीच सांगून गेली होती,
हातमोजे घाल, दवाखान्यातले, फळीवर ठेवलेत.
म्हणून मी आता निळ्या हातांचा माणूस,
खलबत्त्यात मारी बिस्किटं कुटतोय
सकाळी सहाला. आचऱ्याच्या खाडीवर अजून धुकं.

केतकीला आज सात पूर्ण.
तिला केक नकोय. केक सगळ्यांचाच असतो.
तिला काडीवरचे टेडी हवेत,
कुणाच्या तरी मोबाईलमध्ये पाहिलेले:
दोन कान, चपटं नाक, गाल गुलाबी.
"चुलीर ठेवचा नाय, भाजूचा नाय,
नुसता वळूचा, बाबा. तुका जमतला."

गिअरबॉक्स उघडून परत लावतो मी.
गोळे वळायला काय लागतं?

चुरा. त्यात ओल्या खोबऱ्याचा चव,
खरं तर थोडा परतायला हवा, पाणी सुटतं,
पण चुलीवर नाही म्हणजे नाही.
पंचात पिळून घेतला, रस सोलकढीला.
डब्यातलं घट्ट गोड दूध ओतलं,
ते पडतं अगदी ग्रीससारखं,
हे मी कुणाला सांगणार नाही.
गुलाबीसाठी कोकमाचं सरबत, दोन थेंब.
दोनाचे सहा झाले.

वळताना घाई चालत नाही.
मोज्याला खोबरेल, अंगठ्याने दाब, पुन्हा गोल.
पहिले चार सुपारीएवढे, मग लिंबाएवढे,
एक तर थेट शहाळं व्हायला निघालेला.

बाजारात काड्या नव्हत्या.
हीर घेतले, केरसुणीत न गेलेले,
सोलले, धुतले, तीन-तीन एकत्र बांधले,
कारण एकटा हीर मान टाकतो.
आणि उभे करायला परसातली केळ,
कालच घड उतरवलेली. तिचा हातभर खांब
आडवा टेबलावर. काडी खुपसली की चर्र करतो,
पाणी सोडतो, पण धरून ठेवतो.

कान काजूचे. डोळे काळ्या तिळांचे, चिमट्याने,
तोच, इंजेक्टरचा, उकळून घेतलेला.
मग दारापर्यंत मागे जाऊन पाहिलं.
टेडी नाहीत.
कान आडवे गेलेत, गाल ओघळून पोटावर आलेत.
कुर्ल्या आहेत. बावीस कुर्ल्या,
सगळ्या दचकलेल्या.

दहाला लाईट गेली.
बारापर्यंत गोळे काडीवरून खाली बसू लागले,
ओहोटीला होड्या बसतात तसे,
एकेक, कुशीवर.

बर्फाच्या कारखान्यात फोन केला, बस्त्यावला.
आला स्कूटरवरून, मागे थर्माकोलची पेटी.
"दोनदा धुतलंय रे. कालचो सुरमयचो माल होतो."
बर्फ, बर्फावर प्लास्टिक, वर केळीचं पान,
पानावर खांबासकट सगळं बिऱ्हाड.
झाकण लागेना. माझाच टॉवेल पांघरला.

चारला पोरं आली. रेहान, डॉली, तांडेलांचे जुळे,
आणि ज्यांची नावं मला कधीच आठवत नाहीत ते.
केतकीने टॉवेल ओढला. बघत राहिली.
दुरुस्तीनंतर पहिली किल्ली फिरवताना
मी असाच श्वास धरून उभा असतो.

"बाबा, हे टेडी?"
"होय."
"ह्यो कुर्ल्यो!" ती किंचाळली,
आणि जुळ्यांतला एक लगेच,
"नांगी माझी! नांगी माझी!"
कडाम. काजू फुटला.

कुणीतरी म्हणालं, मासळीचो वास येता.
कुणीतरी म्हणालं, मगे कुर्लीक कसलो येतलो?

प्रणिता ड्युटीवरून साडेसातला आली.
तिच्यासाठी एक राखली होती,
एका कानाची, एका डोळ्याची,
वितळून पुन्हा घट्ट झालेली.
चपला न काढता दारातच उभ्याने खाल्ली तिने,
मग हीर चोखत विचारलं,
खोबरं परतलं नव्हतंस ना?