पेढे किती किलो

परिपत्रक तीन पानी आहे.
निकाल उद्या सकाळी अकरा वाजता,
देशभर एकाच क्षणी.
शाळांनी पूर्वतयारी ठेवावी:
संगणक कक्ष, इन्व्हर्टर, बैठक क्रमांकांची यादी,
आणि अगदी तळाला, बारीक टाइपात,
समुपदेशकाचा नंबर.
दुपारी लावून पाहिला.
आपण रांगेत आहात, म्हणाली एक बाई.
सतरा वेळा म्हणाली.

मुख्याध्यापकांना फ्लेक्स हवाय.
दत्तवाडीचा छपाईवाला विचारतो, मॅडम, नावं?
म्हटलं, नावं उद्या.
मग फोटोला गोल किती सोडू?
पाच सोडा, सर मागून म्हणाले.
त्याने पडद्यावर पाच रिकामे गोल काढले
आणि खाली आत्ताच लिहून टाकलं,
हार्दिक अभिनंदन.

पेढेही मलाच सांगायचेत.
वर्षभर फळ्यावर लिहीत आले,
समजा, पेढे क्ष.
क्ष मानायला पैसे पडत नाहीत रे,
घाबरायचं नाही, मानून टाकायचं.
आज दुकानदार काट्यापाशी उभा आहे
आणि त्याला क्ष चालत नाही.

एकेचाळीस जण बसले परीक्षेला.
मिनाज तांबोळी, हिला उत्तर आधी दिसतं, पायऱ्या मागाहून,
आणि गुण तर पायऱ्यांना.
भार्गव ढेबे, बाप मार्केटयार्डात हमाल,
पोत्यांची वजनं तोंडी लावतो,
कंस सोडवताना ऋण चिन्ह मात्र आतच विसरतो.
स्नेहांकिता अडसूळ.
तिने परवा जिन्यात गाठून विचारलं,
बाई, नापास झालं की लगेच कळतं,
का खाली सरकवावं लागतं?
लगेच, म्हटलं मी.
खोटं बोलले.
खाली सरकवावं लागतं.

संगणक कक्षात खुर्च्या मांडल्या.
दाराजवळच्या तीन रिकाम्या ठेवल्या,
ज्याला उठून जायचंय त्याने
कुणाच्या गुडघ्यांना न अडखळता जावं.
मांडून झाल्यावर सुचलं,
उठून जाणार कुठे?
जिना उतरलं की मागचं फाटक.
फाटकापलीकडे कालवा.
खडकवासल्यातून आवर्तन सुटलंय,
पाणी काठाला लागलंय.

तापकीरमामांना हाका मारत खाली आले.
म्हटलं, मामा, उद्या ते फाटक…
पुढचं वाक्य माझ्याकडे नव्हतं.

मामा कुलपात तेल सोडत होते.
म्हणाले, चौदा निकाल झाले, बाई.
त्या दिवशी मी हितंच बसतो.
कुणी सांगितलं नाय. तुमच्या कागदात नसंल ते.
भाजक्या शेंगा आणतो पिशवीत.
पोरगं येतं, कुलूप बघतं,
मग माझ्याकडं बघतं.
मी इचारत नाय किती पडले.
शेंगा पुढं करतो. सोलायला लागलं
की हातांना काम मिळतं.
टरफलांचा ढीग झाला
की आपणच उठतं. म्हणतं,
मामा, झाडू कुठाय?

समोर पर्वतीवर दिवे लागले होते.
माझ्या मुठीत परिपत्रक, घामाने मऊ पडलेलं.
तीन पानं, आणि शेंगांचा उल्लेख नाही.

मामांनी कुलूप दोनदा ओढून पाहिलं.
मग खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला.
यंदा किती पोरं?
त्या हिशोबानं घेतो.

पेढेवाल्याचा फोन वाजत होता, मी वाजू दिला.
किलोभर घ्या, म्हटलं.
आणि ते वळल्यावर पुन्हा हाक मारून,
दोन घ्या, मामा.
मलाही लागतील.