हालचाल समाधानकारक

आठ दिवस बहिणीच्या बाळंतपणाला जायचं होतं.
तुळशीला पाणी घालायला कुणीही हो म्हणतं,
पण गांडुळांना जेवू घाला म्हणून
कोलशेत रोडवर, सतराव्या मजल्यावर
सांगायचं कुणाला?

समोरच्या दारातले टिपणीस म्हणाले, मी बघतो.
वागळे इस्टेटमध्ये बेअरिंगं तपासण्यात
त्यांची बत्तीस वर्षं गेली.
कंपनी गेली, तिथे आता काचेचं काहीतरी उभं आहे.
डोळा मात्र अजून मायक्रॉनमध्ये चालतो.

मी दाखवलं: बाल्कनीतला हा निळा क्रेट,
कळव्याच्या मासळीवालीकडून आणलेला.
लिंबू नको, मिरची नको, मीठ-तेल लागलेलं काही नको.
वर कागद ओला ठेवायचा,
पिळलेल्या फडक्याइतका.
त्यांनी विचारलं, टॉलरन्स किती?
मी हसले. ते हसले नाहीत.
किल्ली शर्टाच्या खिशात टाकली
आणि वरून एकदा चाचपली.

परतले तेव्हा क्रेटवर एक वही,
दोऱ्याला बांधलेलं पेन्सिलीचं थोटूक.

*सोमवार. पपईची साल, १४० ग्रॅम.*
*हालचाल समाधानकारक.*

*मंगळवार. चहाचा चोथा, धुऊन.*
*एक नग क्रेटबाहेर आढळला, फरशीवर.*
*चमच्याने आत घेतला. जिवंत.*

*बुधवार. काही दिले नाही.*
*माझ्याकडे देण्यासारखे काही निघाले नाही.*
*जेवणाचा डबा येतो.*
*डब्याला साली नसतात.*

*गुरुवार. कडवे वाल भिजत घातले.*

*शुक्रवार. वाल फडक्यात बांधून ठेवले.*
*क्रेटमध्ये हालचाल मंद.*

*शनिवार. मोड आखूड, पण चालतील.*
*वाल सोलले. दोन तास पाच मिनिटे.*
*कोमट पाण्यात ठेवून चिमटीत दाबले की दाणा सुटतो,*
*हे पाहून माहीत होते, केले नव्हते.*

इथे एक ओळ खोडलेली,
पट्टी धरून, इतकी नीट
की उजेडासमोर धरूनही वाचता आली नाही.

*साल ९० ग्रॅम, सर्व त्यांना.*
*दाणे उरले.*

*रविवार. उरलेल्या दाण्यांचे बिरडे केले.*
*नारळाचे दूध फुटले. मीठ जास्त.*
*साली आधीच काढल्या असल्याने त्यांना धोका नाही.*
*एक वाटी तुमच्या फ्रिजमध्ये, डावीकडे.*

*सोमवार. साली निम्म्या संपल्या.*
*नगसंख्या घेता आली नाही.*
*मोजायला बसले की खाली जातात.*

प्रत्येक नोंदीखाली तपासणाऱ्याची सही.
आठही सह्या एकाच मापाच्या.

कागद उचलला. वालाच्या साली,
नखाएवढ्या, दुधाळ, आरपार दिसणाऱ्या,
आणि एकेकीत गांडूळ शिरलेलं,
थंडीत मोज्यात पाय घालावा तसं.
त्याखाली खत, काळं, रव्याळ.
माझ्याच भाज्यांचं गेल्या चार महिन्यांचं काहीतरी,
आता दोडका कुठला आणि केळ कुठलं
सांगता येणार नाही असं.

बिरडं मी फ्रिजसमोर उभ्यानेच खाल्लं.
गरमसुद्धा केलं नाही.
मीठ खरंच जास्त होतं.

वाटी घासली. रिकामी वाटी परत करू नये म्हणतात,
पण आठ दिवस बंद असलेल्या घरात
साखरेच्या डब्यालासुद्धा मुंग्या लागलेल्या.
मग क्रेटातलं मूठभर खत घेतलं,
चाळलं, वाटीत घातलं, वरून बशी झाकली,
आणि बेल वाजवल्यावर वाटलं,
हे काय घेऊन आले मी!

त्यांनी बशी उचलली.
चिमूटभर घेऊन अंगठ्याने चोळलं,
ट्यूबलाइटखाली धरलं, चष्मा कपाळावर सरकवून,
बराच वेळ.
जणू माल पुढे जाऊ द्यायचा की नाही
हे त्यांच्यावरच होतं.

त्यांच्या मागे ओट्यावर
पातेल्यावर ताट झाकलेलं, काहीतरी भिजत.

किल्ली त्यांच्या खिशातच होती, आकार दिसत होता.
मी मागितली नाही.