तुटक रेघ

बत्तीस वर्षं मी पायवाटा काढल्या.
सिव्हिल लाइन्सच्या नकाशा कार्यालयात,
खिडकीपासून दुसऱ्या टेबलावर.
गाडीवाट दुहेरी तुटक,
पायवाट एकेरी.
तुकडा, मोकळी जागा, तुकडा.
मोकळ्या जागेत काय असतं
हे मला कुणी विचारलं नाही.

मार्चात निवृत्त झाले.
नवतपा लागायला दोन दिवस असताना
देवलापारच्या एस.टी.तून उतरले:
डोक्याला ओढणी, पर्समध्ये कांदा
आणि घडी घातलेला तो कागद.
भाऊ म्हणाला होता, "येडी झाली काय वो तू?
पारा सेहेचाळीस, अन् जंगलात जाऊन राहिली.
कूलरपुढं बस ना चुपचाप."

झनकलाल कुमरे तसाही निघालाच होता.
पुतणीचं लग्न.
दुपट्ट्याच्या गाठीत पिवळे तांदूळ,
गावोगाव बोलावणं द्यायचं.
"माझ्या सावलीत पाय टाकत या मॅडम," म्हणाला.
साडेआठला ती सावली माझ्यापर्यंत पोचत होती.
अकरानंतर त्यालाच पुरेना.

"पिंपरडोह किती लांब?"
"दोन तुंबे."
म्हणजे खांद्यावरचा तुंबा दोनदा रिकामा होईल एवढं.
मी घडी उघडली: अडीच बोटं.
दोघांचंही बरोबर होतं,
पण तहान त्याच्या मापानं लागत होती.

साग उघडे. पाचोळा इतका कडक
की आपलीच पावलं मागून येताहेत असं वाटावं.
खडकाला हात टेकला आणि झटकन उचलला.
नाल्यात नुसती वाळू.
(कोरडा नाला आम्ही काळ्या शाईत काढायचो,
निळी वाया घालवायची नसे.)
गुडघे टेकून त्यानं झिरा उकरला
आणि आम्ही बसून राहिलो.
पाणी लगेच येत नाही. आधी ओल येते,
मग ओलीला जराशी चमक.
पहिली ओंजळ त्यानं फेकली, दुसरीही.
तिसरी मला दिली.

पिंपरडोहात वळचणी इतक्या खाली
की मान तुकवल्याशिवाय कुणाकडे जाताच येत नाही.
जोहार. जोहार.
पोरं बरी? बरी.
बैल? बरे.
मोह किती निघाला औंदा? कमीच.
एवढं सगळं उन्हात उभं राहून.
मगच आंबील, मगच सावली,
आणि घरधनिणीच्या तळहातावर चिमूटभर तांदूळ.

ऊन कलल्यावर हरणाटोला.
एक चिंच. जोत्याचे दगड.
अर्धं जातं, त्यात पालीनं दिलेली अंडी.
हे गाव मला आठवतं.
नावापुढं मीच लिहिलं होतं: रिठी.
तिरपं, तीन मिलिमीटर उंचीचं,
साहेबांनी वळणाची तारीफ केली होती.

झनकलालनं चपला काढल्या.
पहिल्या जोत्यापुढं तो वाकला,
वळचण अजून तिथंच असल्यासारखा,
आणि दगडावर चिमूट ठेवली.
मग दुसऱ्या. मग पलीकडच्या.
सलामे. धुर्वे. इनवाते.
पुन्हा इनवाते, धाकटे.
बावीस घरं, एकाही ठिकाणी अडखळला नाही.
मी चिंचेखाली उभी होते,
मला पुढं व्हावं की नाही कळेना.

"माणसं कुठं गेली?"
"कोणी बुटीबोरीले, कंपनीत.
कोणी तुमच्या वाठोड्यात."
दुपट्ट्याची गाठ त्यानं पुन्हा बांधली.
"पण बोलावणं घराले असते ना, मॅडम."

अठराव्या घराशी तांदूळ कमी पडू लागले.
मग दोन-दोन दाणे, मग एकेक.
शेवटच्या जोत्याशी गाठ झटकली,
चार कण पडले, हळदीचे.
"सावळीले तोंडानं सांगू," म्हणाला,
"ते लोक समजून घेतात."

मागं वळून पाहिलं तर
दाण्यांना मुंग्या लागल्याही होत्या,
एकेक उचलून त्या
माझ्या कागदावर नसलेल्या दिशेनं निघालेल्या.

"किती राहिलं आता?"
त्यानं तुंबा कानाशी धरून हलवला.
बराच वेळ ऐकत राहिला.
"आहे," म्हणाला.