सत्त्याऐंशी

शहाऐंशीवा लगच्या गोठ्याशी सापडला,
फाटकाचा खांब झालेला, छातीत बिजागरी ठोकलेली.
गाईंनी अंग घासून घासून
लंडनमधली दोनच अक्षरं ठेवली होती.
अठ्ठ्याऐंशीवा चर्चच्या भिंतीला टेकून उभा;
कुणाची तरी समाधी समजून
लोक त्याच्यापुढे डॅफोडिलं ठेवतात.
मधला तेवढा नव्हता.

हेस्टर पिनॉक, वय एकाहत्तर,
तेहतीस वर्षं याच टेकड्यांतून टपाल वाटलेलं.
म्हणते, पत्ता आहे आणि घर नाही,
हे माझ्या हद्दीत चालायचं नाही.

रस्ता म्हणजे आता रस्ता नाही.
दोन कुंपणांमधली ओली, खोलगट घळ,
वर हेझलच्या फांद्या एकमेकींत अडकलेल्या,
खाली पोटऱ्यांना झोंबणारी नेटल.
इथून चार घोड्यांची डाकगाडी जायची,
छपरावर स्वस्त तिकिटाचे लोक कुडकुडत,
चढ आला की तेच आधी खाली उतरायचे, चिखलात.
मग तिकडे खोऱ्यात रूळ पडले,
आणि एका हिवाळ्यात सराईचा मोतद्दार
रिकाम्या तबेल्यात कांदे साठवू लागला.

चाळीस साली, शत्रू उतरलाच
तर त्याला वाट कळू नये म्हणून
गावानं पाट्या उपटल्या, दगड पुरले.
पुरणाऱ्यांत एक ॲम्ब्रोज पिनॉक, हेस्टरचा बाप.
शत्रू आला नाही.
वाट मात्र तेव्हापासून गावालाच सापडेना.

जाताना बाप म्हणाला होता :
तिसऱ्या हॉलीपाशी. पालथा.
तिसरी, पण कुठल्या बाजूनं?
आणि आता हॉली अकरा आहेत.

सहा शनिवार ती सळई खुपसत चालली.
मऊ. मऊ. मूळ. मऊ. बाटली.
अर्धा नाल, तो तिनं खिशात टाकला.
लग कुंपणावर कोपर टेकून :
इथं मेंढ्या आहेत, बाई,
आणि मेंढ्यांच्या मागून जे पडतं ते.

सातव्या शनिवारी सळई थांबली.
आवाज झाला नाही.
फक्त तिच्या मनगटाला कळलं.

लगनंच पहार आणली, न बोलता.
दगड उताणा झाला तेव्हा
खालची गांडुळं उजेडाला लाजून आत गेली.
तिनं बाहीनं माती पुसली.
लंडन, सत्त्याऐंशी.
आकड्यांच्या कडा अशा
की छिन्नी आत्ताच खाली ठेवली असावी.
बाकीचे सगळे वाऱ्यापावसात ताठ उभे राहून
आंधळे झाले;
हा एवढा मातीत तोंड खुपसून
एकच आकडा घोकत राहिला,
कुणी विचारलंच तर चुकू नये म्हणून.

लगनं मोजणीचं चाक फिरवून आणलं.
मैल भरत नाही म्हणाला, ऐंशी पावलं खाली आहे.
हेस्टर हसली.
बाबांनी उतारावर ढकलला असणार.
चढावर कोण नेतंय?

मग ती त्याच्या कडेला बसली, बूट काढून.
टेकडीपलीकडे नव्या रस्त्याची घरघर,
तिथं गाडीतली बाई प्रत्येकाला सांगते
दोनशे मीटरवर डावीकडे वळा.
इथं ब्लॅकबर्ड एक.
डब्यातलं चीजचं सँडविच तिनं अर्धं लगला दिलं.

उद्या ट्रॅक्टर आणतो, तो म्हणाला, उभा करू.
तो गेला आणि भुरभुर सुरू झाली.
पावसाचा पहिला थेंब
आठाच्या वरच्या वाटोळ्यात बसला,
दुसरा साताच्या टोकावर.

तिनं रेनकोट काढून दगडावर घातला.
कोपरे नीट खोचले,
पाकीट ओलं होऊ नये
असे पूर्वी झोळीचे खोचायची तसे.
दहा-बारा पावलं गेली.

परत आली, कोट उचलला,
झटकून अंगात घातला.
दगड आहेस, म्हणाली.
वाचू देत तुला.
झिज.