चौथा मजला

लीड्समध्ये, कालव्याच्या काठी, अकरा मजली काच.
दारात तेस्फाय एकटा.
त्यानं वही पुढे सरकवली
आणि दोन पावलं मागं सरला.
वहीत माझ्या आधीची सही नऊ दिवसांपूर्वीची,
उंदरांचा बंदोबस्त करणाऱ्या माणसाची.

सत्तावीस वर्षं मी इमारतींच्या किमती सांगते.
काम तसं शेजारणीचंच:
पलीकडची कितीला गेली,
भाडेकरू टिकणारा की पळणारा,
थोडं इकडचं, थोडं तिकडचं,
आणि खाली ठामपणे एक आकडा.
या महिन्यात पलीकडची कितीलाही गेली नाही.
घेणारा घरात, विकणारा घरात,
दोघांचे वकील आपापल्या स्वयंपाकघरात
पोरांना गप्प बसवतायत.

चौथ्या मजल्यावर विमा कंपनी.
भिंतीवर अजून मार्च.
खुर्चीच्या पाठीला लोकरी जाकीट,
बाई आत्ता चहाला उठली असावी तसं.
फ्रिजमध्ये दह्याचा डबा, त्यावर निळ्या शाईत:
'बेव्हर्लीचं. हात लावू नये.'
कुणी लावला नव्हता.
सवयीनं मी लेझर समोर धरला.
चौदा पूर्णांक दोन मीटर.
भिंती होत्या तिथेच होत्या.
एवढं तरी खात्रीनं लिहिता आलं.

रात्री अहवालात आकडा टाकला
आणि त्याच्या खाली, सगळ्यांनीच घालायचं ठरलेलं ते वाक्य:
सध्याची परिस्थिती पाहता
या किमतीवर नेहमीपेक्षा कमी भरवसा ठेवावा.
वैद्यानं नाडी सोडून
'असावा जिवंत' म्हणावं, तसं.

माझं वाक्य लंडनला गेलं.
इतरांचीही गेली, मँचेस्टरहून, ब्रिस्टलहून.
ती सगळी एका टेबलावर जमली
आणि फंडानं शटर ओढलं.
पैसे सुरक्षित आहेत, पत्रात म्हटलं होतं,
फक्त तूर्त काढता येणार नाहीत.

ते पत्र ऑटलीत डेस्मंड व्हिटवॅमना गुरुवारी मिळालं.
माझ्या बहिणीचे सासरे. एकतीस वर्षं बस चालवली.
छपराच्या पाट्या बदलायला सात हजार पौंड हवे होते.
फोनवर म्हणाले, "लॉर्ना, इमारत पडली का?"
नाही.
"जळली?"
नाही.
"मग माझे पैसे आहेत कुठे?"
चौथ्या मजल्यावर, फ्रिजमध्ये,
असं अगदी जिभेवर आलं होतं.
म्हटलं, भिंतींत आहेत.
बराच वेळ बोलले नाहीत.
मागं बादलीत थेंब पडत होता,
मी तो उगीच मोजत राहिले.

मे महिन्यात मोटरवेजवळचं गोदाम पाहिलं.
खिडकी नाही, दर्शनी भाग नाही,
करड्या पत्र्याची नुसती पेटी.
घरात कोंडलेल्या शहराला जे जे हवं
ते सगळं त्या पेटीतून निघत होतं:
पीठ, खेळणी, व्यायामाची चाकं, शवपेटीवरच्या पितळी पट्ट्याही.
मालाची माणसं धावत होती,
थांबली की मनगटावरचं यंत्र गुरगुरायचं.
फोनवर तीन गिऱ्हाईकं.
किंमत एक षष्ठांशानं वर.
भरवशाचं वाक्य तिथे लागलंच नाही.
मला अकरा मिनिटं लागली, त्यातली चार गाडी लावायला.

जूनमध्ये पुन्हा कालव्याकाठी.
तेस्फायनं सगळ्या मजल्यांवरच्या कुंड्या
खाली काचेपाशी आणून मांडलेल्या.
अडतीस. प्रत्येकीवर चिकटपट्टी, मजल्याचा नंबर.
"चौथा पाणी फार पितो," म्हणाला.
मग वही पुसत: "आता कितीची आहे ही?"
मी सांगितलं.
त्यानं मान वर केली,
मजले कमी झाले असावेत तसं पाहिलं.
"म्हणजे रात्रपाळी जाणार."
हा प्रश्न नव्हता.
कुंड्यांचं काय करणार, ते मी विचारलं नाही,
मला त्यांचा भाव लावता येत नाही.

निघताना एवढंच विचारलं, दह्याचा डबा?
"आहे," तो म्हणाला.
"फुगलाय. पण हात लावू नये लिहिलंय."